कामावर अपघात झाला तर: भरपाई कशी मागायची, किती मिळते आणि कुठे अडते

दवाखान्याच्या केस पेपरवर दुखापत कशी झाली, याची एक ओळ असते. भरपाईचं पुढचं सगळं प्रकरण बऱ्याचदा त्या एका ओळीवर उभं राहतं किंवा आडवं होतं. हात प्रेस मशिनमध्ये गेलेला असतो आणि सोबत आलेला सुपरवायझर हळूच सांगतो, "घरी पडलो असं सांग, पोलिसांची भानगड नको, बिल कंपनी भरेल." माणूस वेदनेत असतो, बिलाची धास्ती असते, तो मान हलवतो. बिल कदाचित कंपनी भरतेही. पण चार-सहा महिन्यांनी अंगठ्याची भरपाई मागायला गेलं की विमा कंपनीचा वकील सगळ्यात आधी तोच केस पेपर पुढे करतो.

म्हणून आकडेमोडीच्या आधी कागद.

पहिला आठवडा

डॉक्टरांना खरं सांगा: कामावर होतो, अमुक मशिनवर होतो, इतक्या वाजता लागलं. जखमी माणूस बोलण्याच्या स्थितीत नसेल तर घरच्यांनी सांगावं आणि काय लिहिलं ते वाचून बघावं. कामावरचा अपघात म्हटल्यावर बहुतेक रुग्णालयं एमएलसी करतात, म्हणजे पोलिसांना कळवतात. त्याला घाबरू नका. एमएलसीचा नंबर टिपून ठेवा. अपघाताची तारीख आणि वेळ कुणी नंतर बदलू शकत नाही, हा त्याचा फायदा.

मालकाला लेखी कळवा. तोंडी सांगून भागत नाही असं नाही. मालकाला अपघात माहीत होता हे सिद्ध झालं तर लेखी सूचना नव्हती एवढ्यावर दावा फेटाळता येत नाही. पण "माहीत होता" हे सिद्ध करायला दोन वर्षांनी साक्षीदार लागतात, आणि तोवर ते साक्षीदार त्याच मालकाकडे नोकरीला असतात. त्यापेक्षा चार ओळींचं पत्र सोपं:

"मी आपल्याकडे अमुक कामावर आहे. तारीख … रोजी … वाजता … मशिनवर काम करताना माझ्या उजव्या हाताला इजा झाली. … रुग्णालयात उपचार चालू आहेत. अपघाताची नोंद घ्यावी, उपचाराचा खर्च आणि कायद्यानुसार भरपाई द्यावी."

रजिस्टर पोस्टाने किंवा स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा, पत्राचा फोटो काढा. व्हॉट्सअॅपवर आणि ईमेलवरही टाका. हे काम बायको, भाऊ, मुलगा कुणीही करू शकतो.

जागेवरचा पुरावा त्याच आठवड्यात गोळा झाला तर होतो. मशिनला गार्ड होता का, सेन्सर बंद केला होता का, याचे फोटो सहकाऱ्याकडून मागवा. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी मशिनला नवा कोरा गार्ड बसलेला दिसणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. मोठ्या दुखापतीची, म्हणजे ४८ तासांहून जास्त काळ काम करता येणार नाही अशा इजेची, खबर कारखान्याने सरकारच्या कारखाना निरीक्षकाला द्यायची असते. महाराष्ट्रात ते खातं म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. कारखान्याने कळवलं नसेल तर तुम्ही कळवा. निरीक्षकाचा अहवाल हा नंतर सगळ्यात वजनदार पुरावा ठरतो, कारण तो तिसऱ्याच माणसाने लिहिलेला असतो.

आणि पगाराचा पुरावा. पगार स्लिप असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर बँकेचं पासबुक, यूपीआयचे मेसेज, हजेरी कार्ड, गेटपास, मुकादमाच्या वहीचा फोटो, काहीही चालेल. काहीच नसेल तर बहुधा त्या कामाचं किमान वेतन धरून हिशोब होतो आणि रक्कम खाली येते.

दार कोणतं: ईएसआय की मालक?

इथे एकच प्रश्न विचारायचा: अपघाताच्या दिवशी तुम्ही कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, होता का? दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आणि योजना लागू असलेल्या आस्थापनेत, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार त्यात येतो (अपंग कामगारासाठी मर्यादा २५,०००). मालक पगाराच्या ३.२५ टक्के भरतो, कामगाराचे ०.७५ टक्के कापले जातात. स्लिपवर ही कपात दिसत असेल तर तुमचं दार ईएसआयचं. ज्याला ईएसआयकडून लाभ मिळतो त्याला त्याच इजेसाठी मालकाकडून वेगळी कामगार भरपाई मागता येत नाही. बाकी सगळ्यांसाठी दार मालकाचं.

कायद्याचं नाव आता बदललंय. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ चा आणि राज्य विमा कायदा १९४८ चा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि हे दोन्ही कायदे तिच्यात सामावले गेले. अपघात त्या तारखेच्या आधीचा असेल तर जुना कायदा, नंतरचा असेल तर संहिता. सांगाडा जवळपास तोच आहे. जुन्या कायद्यातला "आयुक्त" संहितेत "सक्षम प्राधिकारी" झाला. किमान रकमा, व्याजाचा दर, अंत्यविधीचा खर्च हे आकडे मात्र सरकार अधिसूचनेने आणि नियमांनी ठरवतं. मी खाली दिले आहेत ते जुन्या कायद्याखालचे. अपघात नवा असेल तर अपघाताच्या दिवशी लागू असलेला आकडा कामगार कार्यालयातून पक्का करून घ्या.

ईएसआय असेल तर

तात्पुरत्या अपंगत्वासाठी सरासरी रोजच्या वेतनाच्या ९० टक्के दराने पैसे मिळतात, काम करता येत नाही तोपर्यंत. अट एवढीच की अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बुडालं पाहिजे. आजारपणाच्या लाभासाठी ठराविक दिवसांची वर्गणी लागते, कामावरच्या अपघाताला ती अट नाही. कामावर रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी बोट गेलं तरी हक्क आहे. हे अनेकांना माहीत नसतं आणि "तुझे अजून सहा महिने झाले नाहीत" एवढं ऐकून लोक घरी परत जातात.

मालकाने अपघात वहीत नोंद करून २४ तासांत अपघात अहवाल ईएसआयच्या शाखेत आणि दवाखान्यात द्यायचा असतो. तो गेला की नाही, हे शाखा कार्यालयात जाऊन स्वतः विचारा. हा अहवाल नसेल तर तुमची केस साधं आजारपण म्हणून चालते आणि ९० ऐवजी ७० टक्क्यांवर येते, तीही ठराविक दिवसांपुरतीच.

इजा कायमची असेल तर वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा पैसे मिळतात. मंडळाचा टक्का कमी वाटला तर अपील करता येतं. मुदत तीन महिन्यांची, म्हणून निकालाचं पत्र हातात पडलं ती तारीख त्याच्यावरच लिहून ठेवा.

ईएसआय नसेल तर: हिशोब

मृत्यू झाला तर मासिक वेतनाचे ५० टक्के गुणिले वयाचा गुणक. पूर्ण कायमचं अपंगत्व आलं तर ६० टक्के गुणिले गुणक. अंशतः कायमचं अपंगत्व असेल तर त्या ६० टक्क्यांच्या रकमेतून कमाईची क्षमता जितके टक्के गेली तितका भाग. जुन्या कायद्यात मृत्यूसाठी किमान १,२०,००० आणि पूर्ण अपंगत्वासाठी किमान १,४०,००० रुपये.

गुणक कायद्याच्या तक्त्यात आहे: वय २० ला २२४.००, ३० ला २०७.९८, ४० ला १८४.१७, ५० ला १५३.०९. मासिक वेतन मात्र कितीही असलं तरी जास्तीत जास्त १५,००० धरलं जातं. ही मर्यादा ३ जानेवारी २०२० पासूनची. त्याआधी ती ८,००० होती.

वय ३०, पगार १८,००० असा कामगार घ्या. धरायचा पगार १५,०००. मृत्यूसाठी ७,५०० × २०७.९८ = १५,५९,८५०. पूर्ण अपंगत्वासाठी ९,००० × २०७.९८ = १८,७१,८२०. अंगठा पूर्ण गेला, कायद्याच्या इजांच्या तक्त्यात त्याला ३० टक्के, म्हणून ५,६१,५४६. एका हाताची चार बोटं गेली, ५० टक्के, म्हणून ९,३५,९१०. एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असेल तर ४० टक्के. तर्जनी मुळापासून गेली तर १४.

तात्पुरत्या अपंगत्वाची रक्कम अगदीच तोकडी आहे: दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के, जास्तीत जास्त पाच वर्षं. वरच्या माणसाला पंधरवड्याला ३,७५०, म्हणजे महिन्याला साडेसात हजार. हाच माणूस ईएसआयमध्ये असता तर दिवसाला साधारण ५४०, महिन्याला १६,२०० मिळाले असते. शिवाय काम बुडणं २८ दिवसांपेक्षा कमी असेल तर पहिल्या तीन दिवसांचं काहीच नाही. उलट अंगठ्यासाठी ईएसआय दिवसाला सुमारे १६२ रुपये देईल, पण आयुष्यभर. एकरकमी साडेपाच लाख बरे की महिन्याला चार हजार आठशे, यावर लोक वाद घालतात. निवड आपल्या हातात नसते, त्यामुळे त्या वादात पडू नये.

उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचा, ही तरतूद २००९ च्या दुरुस्तीने आली. तो खर्च भरपाईतून वजा होत नाही. "तुझ्या ऑपरेशनला दोन लाख घातले, आता भरपाई कसली?" या वाक्याला कायद्यात आधार नाही.

टक्का हीच खरी लढाई

जिल्हा रुग्णालयाचा अपंगत्वाचा दाखला शरीर किती टक्के निकामी झालं ते सांगतो. भरपाईला लागतो तो कमाईच्या क्षमतेचा टक्का. दोन्ही एकच समजून गप्प बसणाऱ्याचं नुकसान मोठं होतं. या बाबतीतला सगळ्यात गाजलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, डिसेंबर १९७५ चा आहे. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. मालकाचं म्हणणं, ही अंशतः इजा. न्यायालय म्हणालं, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून याच्यापुरतं नुकसान शंभर टक्के. त्याच निकालात भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते हेही स्पष्ट झालं, आणि व्याजाचा सगळा हिशोब त्यावर उभा आहे.

त्यामुळे डॉक्टरांकडे जाताना नुसती जखम दाखवू नका. कोणतं काम करता, त्यात पकड लागते का, वजन उचलावं लागतं का, शिडी चढावी लागते का, ते सांगा आणि दाखल्यात लिहून घ्या. वेल्डरची आणि वॉचमनची सारखीच बोटं गेली तरी नुकसान सारखं नसतं. मणक्याची किंवा डोक्याची इजा तक्त्यात सापडत नाही. तिथे तर डॉक्टरांनी ठरवलेला टक्का आणि त्यांची साक्ष हाच सगळा पाया. साक्षीला यायला तयार असलेला डॉक्टर आधीच बघून ठेवा.

मालकही आपल्या डॉक्टरकडून तपासणी मागू शकतो, आणि ती त्याच्याच खर्चाने. तिला नकार देऊ नका. विनाकारण नकार दिला तर तेवढ्या काळाचा हक्क स्थगित होतो. जाताना सगळे एक्स-रे सोबत न्या, मूळ प्रती मात्र देऊन येऊ नका.

"चूक तुझीच होती"

हे जवळपास प्रत्येकाला ऐकवलं जातं. या कायद्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही आणि कामगाराच्या साध्या निष्काळजीपणाने हक्क जात नाही. दारूच्या अमलाखाली असणं, सुरक्षेचा स्पष्ट आदेश जाणूनबुजून मोडणं, गार्ड मुद्दाम काढून टाकणं, या तीन गोष्टी मालकाला वाचवू शकतात. पण मृत्यू किंवा पूर्ण कायमचं अपंगत्व आलं तर त्याही नाहीत.

"तू आमचा नाहीस, ठेकेदाराचा आहेस" हे दुसरं ठरलेलं उत्तर. मूळ मालकाच्या धंद्याचंच काम ठेकेदारामार्फत चालू असेल तर भरपाई मूळ मालकाकडून मागता येते. त्याने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. अर्जात दोघांनाही सामनेवाले करा, आणि विमा असेल तर विमा कंपनीलाही. रोजंदारीवर होता, कायम नव्हता, याने काही बिघडत नाही. ट्रॅक्टरवर किंवा विजेवर चालणाऱ्या शेतीयंत्रावर काम करणारा शेतमजूरही यात येतो.

कामावर येता-जाता झालेल्या अपघाताबद्दल जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका साखर कारखान्याच्या वॉचमनच्या प्रकरणात निकाल दिला. प्रवासाची वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दाखवता आला तर तो कामावरचाच अपघात धरता येतो. संहितेतही तशी तरतूद आहे. वाहनाच्या अपघातात ड्रायव्हर-क्लीनरला मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा कामगार भरपाई, यातलं एकच दार निवडता येतं. दुसऱ्या गाडीची चूक असेल तर न्यायाधिकरणाकडे रक्कम बहुधा जास्त होते, आपल्याच चुकीने गाडी उलटली असेल तर भरपाईचं दार बरं. इथे अर्ज करण्याआधी वकिलाशी बोलाच.

सही

रुग्णालयातून सुटल्यावर मालकाकडून एक कागद येतो. "पन्नास हजार मिळाले, आता काही तक्रार नाही." भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा करार कायद्याने रद्दबातल आहे. तडजोड करायची असेल तर तिची नोंदणी प्राधिकाऱ्याकडे करावी लागते आणि रक्कम अपुरी वाटली तर तो ती नाकारू शकतो. पण असा कागद फाईलमध्ये असला की दावा लांबतो. पैसे घ्यायचेच असतील तर व्हाउचरवर "उपचारासाठी उचल" असं लिहूनच सही करा. कोऱ्या कागदावर, राजीनाम्यावर आणि न वाचलेल्या इंग्रजी कागदावर सही नको.

मृत्यूच्या प्रकरणात हे आणखी महत्त्वाचं. मालकाने घरी येऊन हातात दिलेले पैसे भरपाई म्हणून धरलेच जात नाहीत. रक्कम प्राधिकाऱ्याकडेच जमा व्हावी लागते. तीन महिन्यांच्या पगाराएवढी उचल वारसांना थेट देता येते, तेवढाच अपवाद. मग पत्नी, मुलं, आई यांच्यात वाटणी प्राधिकारी करतो. याचा एक फायदा असा की सासर-माहेरच्या ओढाताणीत विधवेचा वाटा बुडत नाही.

दावा दाखल करताना

मुदत अपघातापासून किंवा मृत्यूपासून दोन वर्षं. उशिराला सबळ कारण असेल तर माफी मिळते, पण त्यावर विसंबू नका. अर्ज अपघात झाला तिथे, तुम्ही राहता तिथे किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय आहे तिथे करता येतो. पुण्याजवळ हात गमावून गावी परतलेल्या माणसाने नांदेडहून पुण्याला खेपा घालायची गरज नाही. तुमच्या जिल्ह्यात हे काम कोणत्या न्यायालयाकडे आहे ते सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात कळेल.

देय झाल्यापासून महिन्याभरात मालकाने पैसे दिले नाहीत तर १२ टक्के सरळ व्याज आणि योग्य कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. अंगठ्याच्या वरच्या उदाहरणात नुसतं व्याजच वर्षाला ६७,००० च्या वर जातं. दोन्ही गोष्टी अर्जात स्पष्ट मागा. दंड सहसा विमा कंपनी भरत नाही, तो मालकाच्या खिशातून जातो, आणि म्हणूनच तडजोडीच्या बोलणीत त्याचं वजन असतं.

खर्चाचं काय? वकिलाची फी ही खरी अडचण. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार औद्योगिक कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच प्राधिकरणाचं कार्यालय असतं, हेल्पलाईन १५१००. "मिळेल त्यातले तीस टक्के" असं म्हणणाऱ्या दलालापेक्षा तिथला वकील बरा. रिक्षा, औषधं, सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज यांच्या नोंदी ठेवा. औषधांचा आणि उपचाराचा खर्च बिलांवर मिळतो. सोबत्याचा रोज मिळणं कठीण.

भरपाईशिवायही काही पैसे असतात आणि ते मागितल्याने हा दावा कमी होत नाही. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जात असतील तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत अपघाती मृत्यूला दोन लाख आहेत, पासबुक तपासा. बांधकाम कामगाराची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी असेल तर तिथला अर्ज वेगळा करा.

कायदा म्हणतो निकाल तीन महिन्यांत लागावा. तसा तो लागतो असं समजून घर चालवायचं ठरवू नका. तारखांना हजर राहा, पत्ता बदलला तर कळवा; गैरहजेरीत निकाली निघालेले अर्ज परत उभे करण्यात वर्ष जातं. निकाल बाजूने लागल्यावर मालकाला उच्च न्यायालयात अपील करायला ६० दिवस असतात, पण त्याला आधी पूर्ण रक्कम जमा करावी लागते. त्याने अपीलही केलं नाही आणि पैसेही भरले नाहीत तर वसुलीचा अर्ज द्या. रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, म्हणजे दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तिथून तहसीलदाराकडे जातो. त्यांच्या कार्यालयात पाठपुरावा तुम्हालाच करावा लागेल. जाताना मालकाच्या जागेचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, बँक खात्याचा तपशील आणि गाड्यांचे नंबर सोबत न्या.